रेडिओइकॉलॉजी या विज्ञानशाखेची वाटचाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिओइकॉलॉजी म्हणजे काय?

हवा, माती, पाणी, वनस्पती, प्राणी आणि माणूस यांच्यामधून किरणोत्सारी द्रव्ये कशी फिरतात, कुठे साठतात, किती काळ टिकतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या किरणांचा सजीवांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणारी ही विज्ञानशाखा आहे. पेशीला किंवा प्राण्याला किरणांची ठरावीक मात्रा दिल्यावर काय घडते हे रेडिओबायॉलॉजी प्रयोगशाळेत पाहते. रेडिओइकॉलॉजीला मात्र ती मात्रा त्या जिवापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली हे आधी शोधून काढावे लागते, आणि ती वाट बहुधा कुणी गृहीत धरलेली नसते. या शाखेचा बराचसा इतिहास अशा अनपेक्षित वाटा एकामागून एक सापडत जाण्याचा इतिहास आहे.

तिची सुरुवात अणुबॉम्बनंतर झाली का?

शाखा म्हणून ती अणुयुगातच उभी राहिली, पण तिची बीजे आधीची आहेत. जॉर्ज डी हेवेशी यांनी १९२३ मध्ये शिशाचा किरणोत्सारी समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) वापरून, रोपाने मुळांवाटे शोषलेले द्रव्य पुढे कोणकोणत्या भागांत जाते याचा माग काढला होता. रशियात १९२२ मध्ये पेट्रोग्राडला रेडियम संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख व्लादिमिर वेर्नाद्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे दाखवून दिले की, तळ्यावर तरंगणारी बारीक पानांची डकवीड ही वनस्पती भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक रेडियम स्वतःत साठवते. सजीव निवडक द्रव्ये वेचून साठवतात, हा त्यातला महत्त्वाचा धडा होता. त्या काळात तो शास्त्रीय कुतूहलापुरताच राहिला, कारण निसर्गात असलेल्या रेडियमपलीकडे काळजी करावी असे काही नव्हते.

हॅनफर्डला इतके महत्त्व का दिले जाते?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे प्लुटोनियम तयार करणारी पहिली मोठी अणुभट्टी सप्टेंबर १९४४ मध्ये सुरू झाली. भट्टी थंड ठेवण्यासाठी कोलंबिया नदीचे पाणी एकदाच तिच्यातून फिरवून, थोडा वेळ टाकीत थांबवून पुन्हा नदीत सोडले जाई. ही नदी सामन माशांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे, माशांवर परिणाम झाला तर गुप्त प्रकल्पाचा गवगवा होईल ही भीती लष्करी अधिकाऱ्यांना होती. म्हणून १९४३ मध्येच सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लॉरेन डोनाल्डसन या मत्स्यतज्ज्ञाच्या हाताखाली एक प्रयोगशाळा उघडण्यात आली. तिचे नाव ‘उपयोजित मत्स्य प्रयोगशाळा’ असे मुद्दाम निरुपद्रवी ठेवले होते.

तिथे जे आढळले त्याने पुढच्या दोन दशकांच्या संशोधनाला दिशा दिली. पाण्यात मुळातच विरघळलेली मूलद्रव्ये भट्टीतून जाताना न्यूट्रॉनांमुळे किरणोत्सारी होत. त्यांपैकी फॉस्फरस-३२ हे एक. नदीच्या पाण्यात त्याचे प्रमाण अगदी क्षुल्लक असे. पण शेवाळाला आणि माशांना फॉस्फरस हे दुर्मीळ आणि अत्यावश्यक पोषणद्रव्य असल्याने ते त्याचा कण न् कण टिपून घेत. नदीतील सजीवांच्या शरीरात हे प्रमाण पाण्याच्या हजारो पटींनी अधिक भरू लागले. ‘भरपूर पाण्यात सोडले की विरून जाते’ या अभियंत्यांच्या समजाला हा पहिला ठोस धक्का होता. तो समज त्यानंतरही बराच काळ तग धरून राहिला, ही गोष्ट वेगळी.

‘रेडिओइकॉलॉजी’ हे नाव केव्हा आले?

१९५० च्या दशकाच्या मध्यावर. सोव्हिएत संघात कुझिन आणि पेरेदेल्स्की यांनी, तर अमेरिकेत यूजीन ओडम यांनी हे नाव स्वतंत्रपणे वापरले असे मानले जाते. या विषयावरची अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय परिषद सप्टेंबर १९६१ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे भरली. आंतरराष्ट्रीय संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली आणि विषयाला वाहिलेले नियतकालिक १९८४ मध्ये सुरू झाले. एखाद्या शाखेला ओळख मिळाल्याच्या या रीतसर खुणा आहेत. काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते.

परिसंस्थाशास्त्राचा आणि अणुऊर्जा आयोगाचा संबंध कसा आला?

पैशामुळे, आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनातील सव्हाना नदीकाठी अण्वस्त्रांसाठी नवा प्रकल्प उभा राहत असताना अमेरिकी अणुऊर्जा आयोगाने यूजीन ओडम यांना परिसराच्या पाहणीसाठी अनुदान दिले. १९५४ च्या उन्हाळ्यात याच आयोगाच्या पाठबळावर यूजीन आणि त्यांचे धाकटे बंधू हॉवर्ड यांनी पॅसिफिक महासागरातील, अण्वस्त्र चाचण्या झालेल्या एनिवेटोक बेटांवरील प्रवाळभित्तीचा अभ्यास केला. त्यांनी संपूर्ण भित्तीला एकच यंत्रणा मानून तिच्यातल्या ऊर्जेचा ताळेबंद मांडला. परिसंस्थाशास्त्रात आज गाजलेला तो निबंध १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

टेनेसीतील ओक रिज येथे स्टॅन्ली आउअरबाख यांच्या गटाला तर आयता नमुनाच मिळाला. सांडपाणी साठवण्यासाठी वापरलेला व्हाइट ओक तलाव १९५५ मध्ये रिकामा केल्यावर त्याच्या गाळावर उगवलेले गवत, त्यावरचे किडे आणि ते खाणारे प्राणी यांच्यात किरणोत्सारी द्रव्ये कशी जातात हे पाहता आले. पुढे १९६२ मध्ये त्यांनी ट्यूलिप पॉपलरच्या झाडांच्या खोडांत सिझियम-१३७ टोचून ते पानांत, पालापाचोळ्यात, मातीत आणि कीटकांत केव्हा पोहोचते याच्या नोंदी ठेवल्या. परिसंस्थेचे कप्पे पाडून एका कप्प्यातून दुसऱ्यात किती द्रव्य गेले हे समीकरणांनी मांडायची पद्धत या कामातून रुजली, आणि आज कीटकनाशकांपासून कार्बनचक्रापर्यंत ती सर्रास वापरली जाते.

अण्वस्त्र चाचण्यांच्या अणुधुळीतून, म्हणजे स्फोटानंतर खाली पडणाऱ्या किरणोत्सारी धुळीतून, काय कळले?

१ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर झालेल्या ‘कॅसल ब्राव्हो’ या १५ मेगाटनांच्या स्फोटाची धूळ ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि तिच्यावरचे सर्व २३ खलाशी आजारी पडले. त्यांतील एकाचा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. जपानच्या बाजारात आलेले ट्यूना मासे किरणोत्सारी निघाल्यामुळे देशभर घबराट उडाली. तेव्हा जपान सरकारने ‘शुनकोत्सु मारू’ हे संशोधन जहाज पाठवले. या पाहणीत स्फोटस्थळापासून खूप दूरवरच्या समुद्रातले पाणी, प्लवक आणि मासे दूषित झालेले आढळले. महासागर सगळे गिळून टाकेल हा युक्तिवाद त्यानंतर पूर्वीइतक्या सहजपणे करता येईना.

जमिनीवर स्ट्रॉन्शियम-९० आणि सिझियम-१३७ या दोन द्रव्यांकडे लक्ष गेले. स्ट्रॉन्शियमचे रासायनिक वर्तन कॅल्शियमसारखे असल्याने ते दुधातून मुलांच्या हाडांत आणि दातांत जाते. सिझियम पोटॅशियमसारखे वागत असल्याने स्नायूंत पसरते. दोघांचेही अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षांचा. अमेरिकेतील सेंट लुइस शहरात १९५८ पासून डॉ. लुईस राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. दात पाठवणाऱ्या मुलाला ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असे लिहिलेला बिल्ला मिळे, आणि अशा रीतीने लाखो दात जमले. चाचण्या वाढत गेल्या तसे नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम वाढत गेलेले दिसले. १९६३ मध्ये वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, त्यामागे जो लोकमताचा रेटा होता त्यात या दातांचाही वाटा होता.

सुदूर उत्तरेकडून आलेला निष्कर्ष त्याहून चमत्कारिक होता. आर्क्टिक प्रदेशावर अणुधूळ तुलनेने कमी पडली होती. तरी १९६० च्या दशकात स्कँडिनेव्हियातील सामी पशुपालकांच्या आणि अलास्कातील कॅरिबूचे मांस खाणाऱ्या लोकांच्या शरीरात सिझियम इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक निघाले. कारण होते लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल हेही लायकेनच. त्याला मुळे नसतात. ते हवेतून आणि पावसातून मिळेल ते शोषते आणि वर्षानुवर्षे धरून ठेवते. हिवाळ्यात रेनडिअर प्रामुख्याने तेच खातात, आणि त्यांच्यावर माणसे जगतात. तीनच कड्यांची ही साखळी, पण तिच्यात सिझियम मातीत अडकून राहायला जागाच नव्हती.

ब्रिटनमधील विंडस्केलच्या आगीतून कोणता धडा मिळाला?

ऑक्टोबर १९५७ मध्ये कंबरलँडच्या किनाऱ्यावरील विंडस्केल अणुभट्टीला आग लागली आणि आयोडिन-१३१ बाहेर पडले. गायी मोठ्या कुरणावर चरतात, त्यामुळे विखुरलेले आयोडिन त्या गोळा करून दुधात आणतात, आणि ते मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत जमते. म्हणून सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध काही आठवडे ओतून द्यावे लागले. आयोडिन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचेच असल्यामुळे धोका लवकर ओसरला. गवत–गाय–दूध ही वाट तेव्हापासून प्रत्येक देशाच्या आणीबाणीच्या आराखड्यात आली.

याच ठिकाणचे दुसरे उदाहरण कमी परिचित आहे, पण माझ्या मते अधिक शिकवणारे आहे. विंडस्केलचे सांडपाणी नळांवाटे आयरिश समुद्रात सोडले जाई. तिथल्या किनाऱ्यावर पोर्फिरा नावाचे खाद्य समुद्रशेवाळ वाढते आणि ते रुथेनियम-१०६ साठवते. हे शेवाळ गोळा होऊन दक्षिण वेल्समध्ये जाई आणि तिथे त्यापासून ‘लेव्हरब्रेड’ नावाचा पारंपरिक पदार्थ केला जाई. म्हणजे सांडपाण्याचा सर्वाधिक संपर्क प्रकल्पाच्या शेजाऱ्यांना होण्याऐवजी शेकडो किलोमीटर दूरच्या, हा पदार्थ रोज आवडीने खाणाऱ्या थोड्या लोकांना होत होता. मग समुद्रात किती सोडायचे याची मर्यादा या लोकांच्या खाण्यावरून ठरवण्यात आली. सरासरी नागरिकाचा हिशेब न करता ज्याला सर्वाधिक मात्रा मिळू शकते त्या गटाचा हिशेब करावा, ही आज जगभर मान्य झालेली पद्धत अशा अभ्यासांतून पक्की झाली.

सोव्हिएत संघातील काम इतके उशिरा का कळले?

कारण ज्या अपघातामुळे ते काम झाले तो अपघातच लपवलेला होता. उरल पर्वतातील मायाक प्रकल्पाने १९४९ पासून तेचा नदीत अत्यंत किरणोत्सारी सांडपाणी सोडले होते आणि काठावरची गावे ते पाणी वापरत होती. मग २९ सप्टेंबर १९५७ रोजी तिथल्या कचऱ्याच्या एका टाकीची शीतन व्यवस्था बंद पडून स्फोट झाला. सुमारे २ कोटी क्युरी (किरणोत्सार मोजण्याचे जुने एकक) किरणोत्सार बाहेर पडला. त्यातला ९० टक्के जवळपासच पडला आणि उरलेला ईशान्येकडे सुमारे ३०० किलोमीटर लांब पट्ट्यात पसरला. पट्ट्यात स्ट्रॉन्शियम-९० मुख्य होते. हजारो लोकांना हलवण्यात आले आणि १९५८ पासून तिथे शास्त्रज्ञांचे कायमचे केंद्र सुरू झाले. शेतीरसायनाचे जाणकार क्लेच्कोव्स्की यांनी नांगरट, चुना आणि खते यांच्या साह्याने पिकांत जाणारे स्ट्रॉन्शियम कसे कमी करता येईल यावर मार्गदर्शन केले. तुरुंगवास भोगून आलेले अनुवंशशास्त्रज्ञ तिमोफेयेव-रेसोव्स्की हे उरलमध्येच तळी आणि माती यांवरील प्रयोग करत होते.

या संशोधनाचे निबंध छापले जात, फक्त त्यांत स्थळ दिलेले नसे आणि दूषितीकरण जणू प्रयोगासाठी मुद्दाम केले आहे असा आव असे. लंडनला स्थायिक झालेले जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांनी १९७६ मध्ये एका लेखात उरलमधल्या आपत्तीचा ओझरता उल्लेख केला, तेव्हा ब्रिटिश अणुऊर्जा प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी तो मूर्खपणा म्हणून झटकून टाकला. मेदवेदेव यांनी मग ग्रंथालयात बसून सोव्हिएत नियतकालिके चाळली. एका निबंधात किरणोत्सारी तलावातून पकडलेल्या पाइक माशांची संख्या होती. पाइक हा दुसरे मासे खाऊन जगणारा मासा. एवढे पाइक पकडूनही त्यांची वस्ती टिकायची तर तलाव फारच मोठा हवा, आणि इतका मोठा तलाव प्रयोगासाठी कोणी दूषित करत नाही. प्राणी-वनस्पतींच्या याद्या उरलकडे बोट दाखवत होत्या, आणि ‘इतक्या वर्षांपूर्वी’ असे उल्लेख वजा करत गेले की १९५७ हे साल निघत होते. ओक रिजच्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून मोठ्या अपघाताचा निष्कर्ष उचलून धरला. सोव्हिएत सरकारने अधिकृत कबुली दिली ती १९८९ मध्ये. एखाद्या शाखेच्या शोधनिबंधांवरूनच राष्ट्रीय गुपित उघडे पडल्याची उदाहरणे विज्ञानात फार नसतील.

किरणांचा जंगलावर काय परिणाम होतो, हे मुद्दाम तपासले होते का?

होय. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत जॉर्ज वुडवेल यांनी १९६१ च्या अखेरीपासून ओक आणि पाइनच्या जंगलात ९,५०० क्युरींचा सिझियम-१३७ चा स्रोत एका खांबावर ठेवला. माणसांना जवळ जाता यावे म्हणून तो रोज काही तास जमिनीत उतरवला जाई. काही महिन्यांतच स्रोताभोवती वर्तुळाकार पट्टे दिसू लागले. अगदी आत शेवाळ आणि लायकेन तेवढे उरले, त्यापलीकडे गवतासारखे सेज, मग झुडपे, मग ओक आणि सर्वांत बाहेर मूळचे जंगल. पाइन सर्वांत आधी मेले. याच संस्थेतील आर्नल्ड स्पॅरो यांनी दाखवले होते की पेशीकेंद्रक आणि गुणसूत्रे जितकी मोठी, तितकी वनस्पती किरणांना अधिक हळवी असते, आणि पाइनची गुणसूत्रे मोठी असतात. असा प्रयोग करायला आज कुणी परवानगी देणार नाही, पण चेर्नोबिलजवळचे पाइनचे ‘लाल जंगल’ १९८६ मध्ये वाळून गेले आणि शेजारचे बर्च तगले, तेव्हा त्याचे कारण आधीच माहीत होते.

चेर्नोबिलने शाखेला काय नवे दिले?

मातीकडे पाहायला लावले. २६ एप्रिल १९८६ च्या अपघातानंतर काही दिवसांनी उत्तर वेल्स, कंब्रिया आणि स्कॉटलंडच्या डोंगरांवर जोराचा पाऊस पडला आणि त्यासोबत सिझियम खाली आले. जूनमध्ये मेंढ्यांच्या विक्रीवर आणि कत्तलीवर बंदी आली, ती तीन आठवड्यांपुरती असेल असे सांगण्यात आले. हा अंदाज चिकणमातीच्या सखल जमिनींवरील अनुभवावर आधारलेला होता. अशा मातीत इलाइट नावाच्या खनिजाचे अतिशय पातळ थर असतात. थरांच्या फाटलेल्या कडांमध्ये सिझियमचा अणू नेमका बसतो आणि मग सुटत नाही. डोंगरावरची माती मात्र पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, आम्लधर्मी आणि पोटॅशियम कमी असलेली. तिथे सिझियमला पकडून ठेवणारे खनिज जवळजवळ नाही, त्यामुळे ते मुळांवाटे पुन्हा गवतात, गवतातून मेंढीत आणि लेंड्यांतून पुन्हा जमिनीत असे फिरत राहिले. मांसासाठी किलोला १,००० बेकेरेल (दर सेकंदाला एक अणू फुटणे म्हणजे एक बेकेरेल) ही मर्यादा होती. मेंढ्या जिवंतपणीच मोजून, हव्या तर काही आठवडे सखल कुरणावर चारून, मग विकायची पद्धत शेतकऱ्यांनी अंगवळणी पाडून घेतली. शेवटची बंदी उठली ती जून २०१२ मध्ये. तीन आठवड्यांची सव्वीस वर्षे झाली, आणि ज्यांच्या जमिनीची माहिती कोणी विचारली नव्हती त्या शेतकऱ्यांचा शासकीय तज्ज्ञांवरचा विश्वास उडाला.

नॉर्वेत रेनडिअरच्या बाबतीत वेगळी तडजोड झाली. सामी लोकांचा व्यवसाय बुडू नये म्हणून नोव्हेंबर १९८६ मध्ये रेनडिअरच्या मांसाची मर्यादा किलोला ६,००० बेकेरेल इतकी वाढवण्यात आली. जोडीला, आतड्यात सिझियम बांधून ठेवणारे प्रशियन ब्लू नावाचे रंगद्रव्य जनावरांना खाऊ घातले गेले. घरच्या पंगतीत रोज तेच मांस असणाऱ्यांना मात्र ही वाढीव मर्यादा पुरेसे संरक्षण देत नव्हती, म्हणून त्यांना आहाराबाबत स्वतंत्र सल्ला द्यावा लागला.

चेर्नोबिलच्या परिसरात वन्यजीव भरभराटीला आले आहेत, हे खरे का?

यावर शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद आहेत. अँडर्स म्यॉलर आणि टिमथी मूसो यांच्या अभ्यासांत अधिक दूषित जागी पक्षी आणि कीटक कमी आढळले. दुसरीकडे, बेलारूसमधील राखीव क्षेत्रातल्या प्राण्यांच्या गणनेवर आधारित २०१५ च्या निबंधात मूस, रानडुक्कर, हरिण यांची संख्या इतर अभयारण्यांइतकीच, आणि लांडग्यांची तर कितीतरी अधिक होती. माणूस निघून गेल्याचा फायदा किरणांच्या तोट्यापेक्षा मोठा ठरला असणे शक्य आहे. पण कळपाची संख्या टिकली म्हणून त्यातला प्रत्येक प्राणी धडधाकट आहे असे त्यावरून ठरत नाही. प्राण्याला प्रत्यक्ष मिळालेली मात्रा बऱ्याच अभ्यासांत नीट मोजलेली नसते, वादाचे मूळ बव्हंशी तिथे आहे.

वन्यजीवांसाठी वेगळे नियम आहेत का?

बराच काळ नव्हते. माणसाचे रक्षण केले की इतर जीवजाती आपोआप सुरक्षित राहतात, अशी आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाची १९७७ मधली भूमिका होती. जिथे माणूस नाहीच अशा ठिकाणांना ती लागू कशी करणार, या आक्षेपाला समाधानकारक उत्तर नव्हते. २००८ मध्ये आयोगाने हरिण, उंदीर, बदक, बेडूक, मधमाशी, गांडूळ, पाइन, समुद्रशेवाळ अशा १२ संदर्भजीवांची, म्हणजे इतरांच्या वतीने नमुना मानायच्या जीवांची, चौकट मांडली.

भारतात या विषयाचे काम कुठे झाले?

तुर्भ्याला, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात. तिथे ए. के. गांगुली यांच्या नेतृत्वाखालील आरोग्य भौतिकी विभागाने या कामाचा पाया घातला. १९६९ मध्ये तारापूरची वीजनिर्मिती सुरू होण्याआधीच परिसराची मूळ पातळी मोजून ठेवण्याची पद्धत त्यांनी लावली. पुढे प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आली. तिथे मासे, दूध, भाजीपाला, पाणी, गाळ यांचे नमुने नियमित तपासले जातात. आधीची पातळी माहीत नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नसतो, हे हॅनफर्डच्या काळात पुरते उमगलेले नव्हते.

भारताचे दुसरे महत्त्वाचे क्षेत्र केरळच्या चवरा–नीन्दकरा किनाऱ्यावर आहे. तिथल्या वाळूतील मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने नैसर्गिक किरणोत्सार जगात सर्वाधिक असलेल्या वस्त्यांपैकी ही एक आहे. हान्स ग्रुनेबर्ग आणि भारतीय सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात तिथल्या उंदरांच्या हाडांची आणि दातांची जवळच्या सामान्य भागातील उंदरांशी तुलना केली. किरणांमुळे म्हणता येईल असा स्पष्ट फरक त्यांना आढळला नाही. करुनागपल्ली तालुक्यातील सुमारे ७० हजार रहिवाशांच्या दीर्घकालीन पाहणीतही, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कर्करोगाचे प्रमाण किरणोत्साराबरोबर वाढलेले दिसले नाही.

इतकी वर्षे झाल्यावर आता शोधायला काय उरले आहे?

जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर, ऑगस्ट २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पकडलेल्या ब्लूफिन ट्यूनांत सिझियम-१३४ सापडले. त्याचे अर्धायुष्य २ वर्षांचे असल्याने ते जुन्या चाचण्यांचे असणे शक्यच नव्हते. मासे जपानकडून पोहत आले होते. प्रमाण अगदी कमी होते, पण माशांच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्यांना त्यातून नवे साधन मिळाले.

दुसरे कोडे बव्हेरियाच्या जंगलातले आहे. तिथल्या हरणांतले सिझियम घटत गेले, रानडुकरांतले मात्र फारसे घटले नाही आणि आजही काही मांस जर्मनीतील किलोला ६०० बेकेरेलच्या मर्यादेपेक्षा वर जाते. २०२३ मध्ये सिझियम-१३५ आणि १३७ यांच्या गुणोत्तरावरून असे दिसले की, त्यातला लक्षणीय भाग चेर्नोबिलचा नसून १९६० च्या दशकातल्या अण्वस्त्र चाचण्यांचा आहे. हिवाळ्यात अन्न कमी पडले की डुकरे जमिनीखालची ‘डिअर ट्रफल’ नावाची कवके उकरून खातात. वरून मुरत जाणारे सिझियम त्या खोलीवर फार सावकाश पोहोचते. चाचण्यांचे आधीच पोहोचलेले आहे आणि चेर्नोबिलचे बरेचसे अजून वाटेत आहे. त्यामुळे पुढील कित्येक वर्षे ही डुकरे मोजूनच विकावी लागणार आहेत.